अजाइल : पाठ की अंगवळणी?

अजाइलचं सर्टिफिकेट मिळवायची सध्या भारी घाई दिसते. स्प्रिंट, बॅकलॉग, स्क्रम हे शब्द तोंडपाठ. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट मात्र मॅडमना दाखवायचा तो शेवटच्या आठवड्यात! मग चूक सापडली, तरी दुरुस्तीला वेळ कुठे उरतो?

२००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा, हे त्यातलं पहिलंच मूल्य.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, दर दोन आठवड्यांनी थोडंसंच का होईना, पण चालणारं काम वापरणाऱ्यांसमोर ठेवा. ते नावं ठेवतील, ठेवू द्या. ऐकून घेणं आणि पुढच्या फेरीत बदल करणं, हेच खरं शिकणं. सर्टिफिकेट काय, नंतरही मिळेल.