जॉइनिंग बोनस की उचल?

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी मला सर्वांसमोर विचारले, "जिला कामावर रुजू होतानाच साठ हजारांचे आमिष मिळते, तिच्या प्रश्नावर आपण का वेळ घालवायचा? आपल्याकडे घरकामगार आहेत, कचरावेचक आहेत. या तर शिकलेल्या मुली. वाचून सही केली ना?" ताईंविषयी मला आदर आहे. तरीही हे बोलणे मला टोचले, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. त्या दिवशी उत्तर नीट देता आले नाही, ते इथे देते आहे.

पवई म्हटले की लोकांना तलाव, आय.आय.टी. आणि हिरानंदानीचे उंच खांबांचे इमले आठवतात. त्या इमल्यांच्या आसपास तुंगागाव, मोरारजीनगर, फुलेनगर आहे, चांदिवलीच्या बाजूला संघर्षनगर आहे. या वस्त्यांमधल्या भाड्याच्या खोल्यांत पाच-पाच, सहा-सहा नर्सेस राहतात. दिवसपाळीची मुलगी उठून गेली की त्याच गादीवर रात्रपाळीची येऊन झोपते. पूर्वी यात बहुतेक मुली केरळच्या असत, आता बीड, लातूर, नांदेडच्याही खूप दिसतात. आमच्या सल्ला केंद्रात त्या येतात त्या सहसा घरमालकाच्या तक्रारी घेऊन. नेमणूकपत्र घेऊन आलेली पहिली मुलगी बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगारांच्या घरातली होती.

तिची हकीकत अशी. जीएनएम झाल्यावर तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एका रुग्णालयात पगार २५,००० रुपये, बाकी काही नाही. दुसऱ्यात पगार २१,५००, पण जॉइनिंग बोनस ६०,०००. त्यातले निम्मे रुजू होताना, निम्मे सहा महिन्यांनी. अट एवढीच की दोन वर्षे सोडून जायचे नाही. तिने दुसरी नोकरी घेतली. का घेतली हे विचारायची गरज नाही. पहिल्या तीस हजारांतून तिने वडिलांची मुकादमाकडची उचल फेडली.

मैत्रिणींनो, इथे जरा हिशोब करू या. दोन पगारांतला फरक महिना ३,५००. चोवीस महिन्यांचे ८४,००० झाले. म्हणजे साठ हजार दिल्यासारखे दाखवून रुग्णालयाने तिच्याच पगारातले चोवीस हजार वर ठेवून घेतले. शिवाय भविष्य निर्वाह निधी कापला जातो तो कमी पगारावर, वार्षिक वाढ मिळते ती कमी पगारावर, आणि पुढच्या रुग्णालयात मुलाखतीला गेले की जुनी पगारपावती मागतात तेव्हा तिथेही बोली सुरू होते ती या कमी आकड्यापासून. बोनस एकदा येतो आणि संपतो. कमी पगार मात्र एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत तिच्या मागोमाग जातो.

तरी एक वेळ हे सगळे सोडून देऊ. घरात कर्ज असताना आजचे तीस हजार उद्याच्या चौऱ्याऐंशी हजारांपेक्षा मोठे असतात, हे मला कळते. ज्यांच्या घरात कधी सावकार आला नाही त्यांनी तिला हिशोब शिकवू नये. माझा राग पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे.

तिथे चार ओळी होत्या. मुदतीआधी नोकरी सोडल्यास बोनसची पूर्ण रक्कम परत करावी लागेल, मग सोडायला एक दिवस उरला असला तरी. 'प्रशिक्षण खर्च' म्हणून आणखी २५,००० द्यावे लागतील. (हे प्रशिक्षण म्हणजे पहिले तीन दिवस एका सिस्टरच्या मागे वॉर्डात फिरणे.) मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या ताब्यात राहतील. आणि शेवटची ओळ: 'दीर्घ रजेचा काळ बाँडच्या मुदतीत धरला जाणार नाही.'

ही शेवटची ओळ पुन्हा वाचा. तिच्यात स्त्री हा शब्द नाही, बाळंतपण हा शब्द नाही. पण तरुण वयात सहा महिन्यांची रजा कोण घेते? बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ साली कायद्यात आली, ती मिळवायला संघटनांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. तीच रजा इथे बाँड लांबवण्याच्या कामी आली. त्याच पत्रावर सही करणारा ब्रदर चोवीस महिन्यांत मोकळा होतो, सिस्टर तिसाव्या महिन्यात.

आमची मुलगी विसाव्या महिन्यात पाच महिन्यांची गरोदर होती. रात्रपाळी बंद करावी म्हणून तिने तीन अर्ज दिले. तिन्ही अर्ज परत आले. चौथ्यांदा तिने राजीनामा दिला आणि रुग्णालयाने ८५,००० रुपयांची मागणी तिच्या हातात ठेवली. वीस महिन्यांत तिने दुसरीकडच्यापेक्षा ७०,००० कमी घेतले होते. म्हणजे साठ हजार केव्हाच वसूल होऊन वर दहा हजार जमा झाले होते.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना मी १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा पाठ केला होता. आगाऊ रक्कम द्यायची आणि तिच्या बदल्यात माणसाचे सोडून जाण्याचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे, हे त्या कायद्याचे मर्म. वर्गात आम्ही वीटभट्टी आणि ऊसतोड डोळ्यांपुढे आणायचो. वातानुकूलित वॉर्ड कोणाच्या डोक्यात नव्हता. न्यायालय या बोनसला वेठबिगारी म्हणेल असा माझा दावा नाही. पण बापाने कोयत्यावर घेतलेली उचल आणि लेकीने स्टेथोस्कोपवर घेतलेली उचल, यांत मला घेणाऱ्याच्या बाजूने फारसा फरक दिसत नाही.

"वाचून सही केली ना?" या प्रश्नाला न्यायालयाचाही आधार दाखवला जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. खरे आहे. पण तो सरकारी बँकेतल्या वरिष्ठ व्यवस्थापकाचा बाँड होता. बाळंतपणाच्या रजेने लांबणाऱ्या बाँडचा किंवा अडकवून ठेवलेल्या प्रमाणपत्रांचा सवाल तिथे नव्हताच. प्रमाणपत्रे अडकली की काय होते ते मुंबईने पाहिले आहे. २०११ च्या ऑक्टोबरात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका खासगी रुग्णालयातील तरुण नर्सने आत्महत्या केली, तेव्हा तिच्या सहकारी मुली काम बंद करून बाहेर आल्या. बाँड रद्द करा, आमची प्रमाणपत्रे परत द्या, ही त्यांची मागणी होती.

आणि मुळात बोनस द्यावा का लागतो? पगार पुरेसा नाही म्हणून मुली टिकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार राज्य सरकारी नर्सइतका असावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही २०,०००च्या खाली जाऊ नये. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ साली तिथल्या सरकारने २०,००० हे किमान वेतन अधिसूचित केले. आमच्या केंद्रात आलेल्या नेमणूकपत्रांत मला या शिफारशींची सावलीही दिसलेली नाही.

बोनस बंदच करा असे मी म्हणत नाही, मुलीच मला मारतील. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून जो कायदा लागू आहे त्यात बोनसच्या अटी वेगळ्या कागदावर द्याव्या लागतात, विचार करायला आणि वकिलाला दाखवायला कामकाजाचे पाच दिवस मिळतात, मुदत दोन वर्षांच्या पुढे नेता येत नाही, आणि परतफेड राहिलेल्या महिन्यांपुरतीच, तीही बिनव्याजी. हवे तर बोनस मुदत संपल्यावर घेण्याची मुभा आहे, म्हणजे मध्येच सोडले तर देणे काही नाही. ही मागणी आपण इथे का करू नये? तिला आणखी दोन गोष्टी जोडा: बाळंतपणाची रजा मुदतीत धरा, आणि मूळ प्रमाणपत्र पाहून त्याच दिवशी परत करा. तोवर मुलींना एवढे तरी सांगू या की छायाप्रतीच द्या, आणि राजीनामा दिला असेल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राहिलेला पगार कामकाजाच्या दोन दिवसांत मिळाला पाहिजे हे लेखी मागा.

आम्ही तिघीजणी तिच्याबरोबर त्या रुग्णालयात चार वेळा गेलो. तीन वेळा 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत.' चौथ्या वेळी पोलिसांत द्यायच्या तक्रारीची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा प्रमाणपत्रे वीस मिनिटांत मिळाली. ती तिथेच, खाली पार्किंगमध्ये, एकेक कागद उलटून तपासत बसली होती. पैशांची मागणी मात्र त्यांनी सोडलेली नाही. वकिलाची नोटीस आली आहे, आपण उत्तर पाठवले आहे.

त्या उत्तरासाठीच मला तुमची मदत हवी आहे. तुमच्या भागातल्या नर्सेसची नेमणूकपत्रे मिळवा, नाव आणि पत्ता खोडा, आणि रजेचा काळ वगळणारी ओळ जिथे असेल त्या पानाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. ताई, मुलुंड-भांडुपकडची रुग्णालये तुमच्याकडे.