रात्रीचे चाटण आणि कृमिदंत

सितोपलादि चूर्णाचे घटकप्रमाण आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 व दालचिनी 1. म्हणजे 31 भागांपैकी 16 भाग साखरच. त्यात आपण मध मिसळावयास सांगतो आणि 'रात्री झोपताना चाटवा' असे लिहून मोकळे होतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच लिहीत आलो.

कासासाठी आमच्याकडे येणारा चार वर्षांचा एक मुलगा तीन महिन्यांनी बरा होऊन आला. तो हसला, तेव्हा वरचे पुढचे दात काळवंडून झिजलेले दिसले. दोष केवळ चाटणाचा होता असे नव्हे. रात्री साखरेच्या दुधाची बाटलीही होतीच. तथापि आमच्या सूचनापत्रात चूळ भरण्याचा साधा उल्लेखही नव्हता, हे आम्हांस फार खटकले.

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या 16 व्या अध्यायात कृमिदंतक वर्णिला आहे. 'कृमी म्हणजेच जिवाणू' असे म्हणून आपल्यापैकी अनेकजण तेवढ्यावरच समाधान पावतात. परंतु हे जिवाणू दात खात नाहीत, साखर खातात! दातांवरील चिकट थरात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स व त्यांचे सोबती साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच थराचा पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरतो आणि दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. जागेपणी लाळ हे आम्ल अर्ध्या-एक तासात निवळविते व खनिजांची थोडीफार भरपाईही करते. निद्रेत मात्र लालास्राव अत्यल्प असतो. नेमक्या त्याच वेळी आपण चाटण देतो. 'मध म्हणजे साखर नव्हे' हा युक्तिवाद दातांपुढे चालत नाही. च्यवनप्राशादी अवलेहांनाही हेच लागू.

औषध बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ते सायंभोजनापूर्वी द्यावे; निशाकाल अपरिहार्य असेल तर त्यानंतर दात घासूनच मुलास झोपवावे. वाग्भटांनी प्रातःकाळी व भोजनोत्तर दंतधावन सांगितले आहे. त्यातील दुसरे आपणच विसरलो. छिद्र पडल्यावर मात्र मंजनावर विसंबून न राहता दंतवैद्याकडे पाठवावे.

औषधालयचालक बंधूंनी चाटणाच्या बाटलीवर 'सेवनानंतर चूळ भरावी, दात घासावेत' एवढी एक ओळ छापावी. आमच्या सूचनापत्रावर ती आता अनुपानाच्या लगत खाली आहे.