परवाना सक्तीचा, माहितीचा बाजार कशाला?

जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक झळकतात आणि ‘लायसन्स दाखव’ हे शब्द नाक्यानाक्यावर ऐकू येतात. ते रास्तच आहे. पण लायसन्स देताना सरकारने घेतलेल्या माहितीचा हिशेब सरकारकडे कोण मागणार?

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या तरुणाला टेम्पो चालवून पोट भरायचे तर अंबाजोगाईचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय गाठावे लागते. व्यावसायिक चालकांसाठीची आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढली. आईबापांमागे ऊसतोडीला गेल्याने ज्यांची शाळा सुटली, अशा बीडच्या मुलांना त्याचा मोठा आधार झाला. २०२१ पासून राज्यात शिकाऊ परवाना आधारच्या साहाय्याने घरबसल्या मिळू लागला, हेलपाटाही वाचला. मात्र नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र हे सारे ‘सारथी’ या केंद्रीय प्रणालीत जमा होते.

मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहननोंदणीची ‘वाहन’ प्रणाली आणि ‘सारथी’ यांमधील माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थांसाठी दर होता वर्षाला ३ कोटी रुपये. इतर माहितीशी जुळवणी करून व्यक्ती ओळखता येऊ शकते, ही कबुली त्या धोरणातच होती. ८७ खासगी कंपन्यांना प्रवेश दिला आणि ६५ कोटी मिळाले, असे सरकारने जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगितले. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. म्हणजे तो समोर असताना हा व्यवहार झाला. धोरण रद्द झाले ते जून २०२० मध्ये.

अशा नोंदी बाहेर गेल्या तर जिवावरही बेतू शकते. अमेरिकेत १९८९ मध्ये अभिनेत्री रेबेका शेफरचा खून झाला. मारेकऱ्याला तिचा पत्ता वाहन खात्याच्या नोंदींतून मिळाला होता. १९९४ मध्ये तिथे अशा नोंदींच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. परवाना देण्यासाठी माहिती वापरताना सरकारला नव्याने संमती घेण्याची गरज नाही, अशी सवलत त्यात आहे.

कामापुरती ही सवलत समजण्याजोगी. पण सक्तीने घेतलेली माहिती ही सरकारची मिळकत नव्हे, ठेव आहे. तिची विक्री मोटार वाहन कायद्यातच स्पष्ट शब्दांत निषिद्ध करावी आणि आपली नोंद कोणाला, कशासाठी दिली, हे परवानाधारकाला पाहता यावे. चालकाकडून शिस्त मागणाऱ्या सरकारने आधी स्वतःला एवढी शिस्त लावावी.