हरल्यावर उत्तर कोणी द्यायचं?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. जो आहे तो लिंकनच्या विद्यापीठाचा. करोनाकाळातले रिकामे सामने सोडले, तर तिथल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२पासून प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत. या काळात संघ देशात पहिला आला, रसातळालाही गेला. लोकांचं येणं थांबलं नाही. शनिवारी सामना असला की लाल कपड्यांतली ऐंशी-पंचाऐंशी हजार माणसं तिथे जमतात. याच माणसांनी २०२१च्या मोसमात आपला संघ बारापैकी नऊ सामने हरताना पाहिला. नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांचे होते. दोनदा थोडक्यात हरलं तर नशीब म्हणून सोडून देता येतं. नऊदा तसं होतं तेव्हा संघात ताकद असते, पण ऐन मोक्याच्या वेळी कुणाचे तरी निर्णय चुकत असतात.

कुणाचे, हे विचारणाऱ्या चाहत्यांना गप्प करायला काही ठरलेले युक्तिवाद पुढे येतात. सगळ्यात जुना असा : प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात, डावपेचांतलं त्याला काय कळतं? ऑगस्ट २०२२मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध नेब्रास्का २८–१७ असा पुढे होता. तिसऱ्या सत्रात मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी ‘ऑनसाइड किक’ मारायला लावली. म्हणजे चेंडू लांब न मारता जवळच मारायचा आणि धावत जाऊन तो स्वतःच पुन्हा मिळवायचा. वेळ संपत आलेला पिछाडीवरचा संघ सहसा हा जुगार खेळतो. इथे अकरा गुणांनी पुढे असलेल्या संघाने तो खेळला. चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला, सामन्याचं पारडं फिरलं आणि नेब्रास्का ३१–२८ने हरला. चाळीस-चाळीस वर्षं हा खेळ पाहणाऱ्या माणसाला हे कळत नाही असं म्हणणं म्हणजे त्याच्या निष्ठेचे पैसे घ्यायचे आणि त्याची समज नाकारायची. शिवाय हा प्रश्न नुसत्या प्रेक्षकाचा नाही. सरकारी विद्यापीठांचे करार लोकांसमोर उघड असतात आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचा असतो. ज्याचा पगार सार्वजनिक, त्याला विचारलेला प्रश्नही सार्वजनिकच असणार.

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य आहे. प्रशिक्षकाने ‘चूक माझी’ म्हटलं, आता आणखी काय हवं? डब्लिनचा निर्णय आपला होता हे फ्रॉस्ट यांनी लगेच मान्य केलं, आणि त्यात त्यांचा प्रामाणिकपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. २०२१च्या पडझडीनंतर त्यांनी पगारही पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर येऊ दिला होता. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आक्रमणाच्या बाजूचे चार साहाय्यक प्रशिक्षक घरी पाठवले गेले. चौघांच्या नोकऱ्या गेल्या आणि ज्याच्या हाताखाली ते काम करत होते त्याला आणखी एक मोसम मिळाला. अशा वेळी ‘चूक माझी’ हे वाक्य सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेतला एक उपचार होऊन बसतं. निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, बाजूला उभ्या असलेल्यांपैकी कुणी हरकत घेतली होती का, पुढच्या वेळी तो कुणाला विचारून घेतला जाणार, यांतल्या कशालाही त्या वाक्यात उत्तर नसतं. चाहते चिडतात ते या रिकामेपणावर, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो. खेळाडू विद्यार्थी आहेत, पराभवाची चिरफाड केली की त्यांचं खच्चीकरण होतं, म्हणून टीका नको, असं म्हणतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना शिव्या देणारे, धमक्या देणारे लोक आहेतच. त्यांची बाजू कुणी घेऊ नये. पण मुलांची ढाल करून प्रशिक्षकाने मागे उभं राहणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. २०१६मध्ये नोत्र दामचा संघ घरच्या मैदानावर ड्यूककडून हरला. तेव्हा मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांनी बोट खेळाडूंकडे दाखवलं, प्रशिक्षणात खोट नाही असंही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बचावाचे प्रशिक्षक ब्रायन व्हॅनगॉर्डर यांना काढलं. दोनच आठवड्यांनी मॅथ्यू चक्रीवादळाच्या मुसळधार पावसात नॉर्थ कॅरोलायना स्टेटशी १०–३ असा पराभव झाला आणि केलींनी चेंडू मागे देणाऱ्या मुलाच्या कामगिरीवर सर्वांसमक्ष कठोर शेरे मारले. मैदानाचं तळं झालेलं, चेंडू निसटतोय, आणि अशा हवेत सारखे पास फेकायचे डावपेच कुणाचे होते? मुलाने ठरवलेले नव्हते. हेही लक्षात ठेवायला हवं की तेव्हा खेळाडूंना विद्यापीठाकडून पगार नव्हता आणि संघ बदलला तर सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. प्रशिक्षकाला असं बंधन नव्हतं. २०२१च्या नोव्हेंबरअखेर हेच केली, आपला संघ अकरा सामने जिंकून विजेतेपदाच्या फेरीची वाट पाहत असताना, लुइझियाना स्टेटकडे निघून गेले. विद्यार्थ्यांची काळजी हे टीका थांबवायचं कारण ठरत असेल, तर ती काळजी आधी प्रशिक्षकाच्या वागण्यात दिसायला हवी.

इथवर मी चाहत्यांच्या बाजूने बोललो. पण पहिल्या तीन-चार पराभवांतच ‘काढा त्याला’ अशी जी हाकाटी सुरू होते, ती मला मान्य नाही. तिने जबाबदारी ठरत नाही, उलट ती पुसली जाते. फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ला काढलं, जॉर्जिया सदर्नकडून ४५–४२ने हरल्याच्या दुसऱ्या दिवशी. मुदतीआधी काढल्यास द्यायची त्यांच्या करारातली भरपाई दीड कोटी डॉलर होती आणि १ ऑक्टोबरला ती निम्म्यावर येणार होती. तीन आठवड्यांचा धीर नव्हता, त्याची किंमत पंचाहत्तर लाख डॉलर. टेक्सास ए अँड एमचे जिम्बो फिशर यांना नोव्हेंबर २०२३मध्ये काढलं तेव्हा त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं विद्यापीठावर आलं. दुसरीकडे नोकरी मिळाली तरी ती रक्कम कमी होणार नव्हती, कारण तशी अटच करारात नव्हती. जो हरला त्याला आयुष्यभराची सोय करून देणं याला शिक्षा कसं म्हणायचं? या विद्यापीठांत पुण्या-मुंबईहून गेलेली मुलंही शिकतात. एका माणसाने काम न करण्यासाठी तिथे किती पैसा मोजला जातो हे त्यांच्या पालकांनीही ऐकायला हवं.

काढून टाकण्याने संघ सुधारतो, हेही नेब्रास्काच्या अनुभवाला धरून नाही. फ्रँक सोलिक यांना २००३मध्ये नऊ विजयांच्या मोसमानंतर काढलं. बो पेलिनी यांनी सातही मोसमांत किमान नऊ सामने जिंकले, त्यांना २०१४मध्ये काढलं. त्यानंतर माइक रायली आले, मग फ्रॉस्ट आले, आणि २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं संघाला मोसमाअखेरचा बाऊल सामनाही मिळाला नाही.

मग चाहत्यांनी मागायचं काय? याचं उत्तर केलींच्याच कारकिर्दीत सापडतं. २०१६चा मोसम चार विजय आणि आठ पराभवांवर संपला. नोत्र दामने त्यांना ठेवलं, पण ते पूर्वीचे केली राहिले नाहीत. आपण खेळाडूंपासून दूर गेलो होतो हे त्यांनी कबूल केलं, आक्रमण, बचाव आणि शारीरिक तयारी या तिन्हींना नवी माणसं आणली आणि स्वतःचा दिवस पुन्हा मुलांमध्ये घालवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी दहा विजय मिळाले आणि २०१८मध्ये संघ साखळीत अपराजित राहून विजेतेपदाच्या उपांत्य फेरीत गेला. जबाबदारी घेणं मी याला म्हणतो : स्वतःच्या कामात काय बदललं ते माणसाने सांगायचं, आणि ते लोकांना मैदानावर दिसायचं. हाताखालचा एक माणूस काढला, एका मुलाचं नाव घेतलं, एवढ्याने ती घेतली जात नाही.

आणि हा प्रश्न प्रशिक्षकापाशी थांबू नये. करारावर सही करणाऱ्याला क्वचितच कुणी काही विचारतं. फिशर यांना २०१७मध्ये दहा वर्षांचा साडेसात कोटींचा करार देऊन टेक्सास ए अँड एमला आणणारे क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड पुढे लुइझियाना स्टेटला गेले आणि तिथे त्यांनीच २०२१मध्ये केलींना दहा वर्षांचा साडेनऊ कोटींचा करार दिला. फिशर यांचा करार मध्यंतरी, २०२१मध्ये, वुडवर्ड गेल्यावर दुसऱ्यांनी वाढवला, हे खरं. पण एका ठिकाणी फसलेली रीत दुसऱ्या ठिकाणी तशीच वापरली गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये टेक्सास ए अँड एमशीच ४९–२५ असं हरल्यावर केलींना काढलं, आणि सुमारे ५.४ कोटी डॉलरचं देणं उभं राहिलं. त्यानंतर मात्र राज्यपाल जेफ लँड्री यांनी वुडवर्ड यांच्यावर जाहीर टीका केली आणि काही दिवसांतच वुडवर्डही गेले. राजकारण्याने विद्यापीठाच्या कारभारात असा हात घालावा हे मला धोक्याचं वाटतं, पण चौकशी सही करणाऱ्यापर्यंत पोचली हे योग्यच झालं.

करार शहाणपणाने लिहिता येतो. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५मध्येच प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा जवळपास पाच कोटी डॉलरचं देणं होतं. पण दुसरी नोकरी मिळाली की रक्कम घटेल अशी अट होती. महिना-दीड महिन्यात फ्रँकलिन व्हर्जिनिया टेककडे गेले आणि हिशेब नव्वद लाखांवर मिटला. एका अटीने विद्यापीठाचे चार कोटी वाचले. लुइझियाना स्टेटने नोव्हेंबर २०२५अखेर केलींच्या जागी लेन किफिन यांना सात वर्षांसाठी आणलं. त्यांच्या करारात अशी अट आहे का, ती का आहे किंवा का नाही, सही कुणाची आहे, हे तिथल्या चाहत्यांनी आत्ताच विचारावं, पराभवांची वाट न पाहता.