घंटा होण्यापूर्वी

ज्या घरातून यंदा एखादा मुलगा अगर मुलगी प्रथमच कॉलेजची पायरी चढली आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी आणि त्या मुलामुलींसाठीही आजचे हे चार शब्द आहेत. विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. वर्ग चालू असता, घंटा होण्यापूर्वीच उठून निघून जाण्याची जी सवय हल्ली कित्येक विद्यार्थ्यांस जडली आहे, तिच्याविषयी आम्हांस काही सांगावयाचे आहे. सवय लहान असली तरी तिची किंमत लहान नसते. आणि ती किंमत बहुधा वर्षाच्या शेवटी, परीक्षेच्या तोंडावर, एकदमच चुकती करावी लागते.

शाळेत असे होत नाही. तेथे फाटक असते, शिपाई असतो, आणि घरची चिठ्ठी असल्यावाचून कोणी बाहेर पडू शकत नाही. कॉलेजात दार उघडे असते. प्राध्यापक कोणाचा हात धरून त्याला बसवून ठेवीत नाहीत. खेड्यातून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलास हे मोकळेपण नवे असते, आणि कोणी अडवीत नाही म्हणजे परवानगीच आहे, असा तो सहज समज करून घेतो. वस्तुतः दार उघडे ठेवण्याचा अर्थ निराळा आहे. आता शिपायाचे काम तुझे तू कर, एवढेच ते दार त्यास सांगत असते.

मुले लवकर का उठतात, याचा विचार केल्यावाचून त्यांस दोष देणे बरे नव्हे. बेळगावात लिंगराज कॉलेज निघाले ते १९३३ साली. त्यापूर्वी या भागातील मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे तर धारवाड, सांगली, कोल्हापूर, पुणे अगर मुंबई गाठावी लागे. १९६१ पूर्वीच्या गोव्यातील मुलांचीही तीच कथा होती. पणजीचे वैद्यकीय विद्यालय सोडले तर त्यांस बेळगाव, धारवाड किंवा मुंबईची वाट धरावी लागे. असा मुलगा वसतिगृहात राही, कोणा नातलगाच्या माडीवर राही, आणि घरी येई तो सुट्टीत. त्याला रोजची गाडी चुकण्याची धास्ती नव्हती. आज तालुक्याच्या गावी कॉलेज आले आहे, ही मोठीच सोय झाली. परंतु या सोयीबरोबर रोजचा प्रवासही आला. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यातील खेड्यांत दिवसाकाठी मोजक्याच गाड्या जातात, आणि पावसाळ्यात त्यांचाही भरवसा नसतो. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी गाड्यांतून मुलींना व स्त्रियांना भाडे पडेनासे झाले. पण भाडे गेले म्हणून गाडीची वेळ काही बदलली नाही. शेवटची गाडी चुकली तर अंधारात दोन-तीन मैल चालण्याचा प्रसंग ज्या मुलीवर येतो, ती घड्याळाकडे पाहते यात नवल ते काय?

तेव्हा नड खरी असू शकते, हे आम्ही मान्य करतो. पण नड असलेला आणि केवळ कंटाळा आलेला, असे दोघेही एकाच दाराने बाहेर पडतात; आणि हजेरीच्या वहीत दोघांची नोंद सारखीच होते. म्हणून ज्याची नड खरी आहे, त्याने तर अधिकच जपून वागावे.

आता हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पद्धतीप्रमाणे एका श्रेयांकास १५ तासांचे अध्यापन धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयास एका सत्रात ६० तास झाले. पुष्कळ विद्यापीठांत प्रत्येक विषयाची ७५ टक्के हजेरी मागतात. म्हणजे ४५ तास बसणे भाग, आणि १५ तासांची मुभा. समजा, या विषयाचे आठवड्यास चार तास आहेत, आणि त्यांपैकी दोन दिवसाच्या शेवटी येतात. गाडी गाठण्यासाठी मुलगा हे दोन तास सोडू लागला, तर आठव्या आठवड्यातच त्याची मुभा संपते. पंधरा आठवड्यांचे सत्र पुरे होईतो ६० पैकी ३० तास गेलेले असतात आणि हजेरी ५० टक्क्यांवर येते.

येथेच खरी मेख आहे. तो मुलगा आपल्या मनाशी म्हणत असतो की, मी तर रोज कॉलेजास जातो! तेही खोटे नसते. असे पाच विषय धरले तर ३०० तासांपैकी त्याचे ३० तासच बुडाले. एकूण हजेरी ९० टक्के भरते. घरच्यांनी विचारले तरी तो निर्धास्तपणे हेच सांगेल. परंतु लवकर उठणाऱ्याचे नुकसान सर्व विषयांवर सारखे वाटले जात नाही. ते रोज एकाच ठिकाणी, शेवटच्या तासाच्या विषयावर, साचत जाते. छप्पर सगळीकडे चांगले असून एकाच कौलाखाली गळती लागावी, तसे हे आहे. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, सत्राच्या आरंभी वेळापत्रक हाती येताच शेवटच्या तासांस कोणता विषय आहे हे पाहावे, आणि दर महिन्यास एकूण हजेरी न विचारता त्या एका विषयाची हजेरी विचारावी.

काही अभ्यासक्रमांत तर हे नियम फारच कडक आहेत. आपल्या समाजातील पुष्कळ मुली परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळतात. तेथे भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेस बसण्यासाठी व्याख्यानांस व प्रात्यक्षिकांस ८० टक्के हजेरी लागते. आणि पदवी हाती पडण्यापूर्वी रुग्णालयातील कामाचे तास तर पूर्ण १०० टक्के भरून द्यावे लागतात. डॉक्टरीच्या शिक्षणात व्याख्यानांस ७५ व प्रात्यक्षिकांस ८० टक्के हजेरीचा दंडक आहे. यात जुलूम नाही. आजाऱ्याच्या उशाशी उभे राहण्याची विद्या पुस्तक उसने आणून शिकता येत नाही.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. बारावीस उत्तम गुण मिळवून केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती ज्यास मिळाली आहे, त्यास पदवीच्या वर्गांसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण पुढील वर्षी ती चालू राहण्यास निदान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी असावी लागते. ज्या घरात एवढ्या रकमेवर वर्षाचे शुल्क आणि पुस्तके भागतात, तेथे वीस मिनिटे आधी उठण्याचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हजेरीसाठी परीक्षेस बसू न देणे हेच मुळी अन्यायाचे आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. २०१६ साली दिल्लीतील एका विधी विद्यार्थ्याचा करुण अंत झाला. हजेरी कमी म्हणून त्यास परीक्षेपासून रोखले होते. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला की, केवळ हजेरी अपुरी म्हणून विधी शिक्षणाच्या विद्यार्थ्यास परीक्षेस बसण्यापासून अडवू नये. हा निर्णय विधी शिक्षणापुरता होता. इतर अभ्यासक्रमांच्या नियमांवर विसंबून राहणाऱ्याने त्याचा आधार घेऊ नये. पण त्यातून आईबापांनी एक गोष्ट अवश्य घ्यावी. हजेरी कमी भरली असे कळताच मुलावर आग पाखडू नये. त्याच्याबरोबर कॉलेजात जावे, विभागप्रमुखांस भेटावे, आजारपण असल्यास वैद्याचा दाखला द्यावा, मार्ग विचारावा. वर्ष गेले तरी ते पुन्हा मिळते; मूल गेले तर मिळत नाही.

आता रीतीविषयी. एखाद्या दिवशी खरोखरच लवकर निघणे भाग असेल तर काय करावे? तास सुरू होण्यापूर्वीच प्राध्यापकांस भेटून सांगावे: “सर, आमच्या गावची शेवटची गाडी साडेचारला सुटते. आज दहा मिनिटे आधी निघण्याची परवानगी असावी.” एवढे पुरे. लांबलचक कारणमीमांसा नको, आणि खोटी आजारी आजी तर नकोच नको. मुलींस काही वेळा प्रकृतीचे कारण असते. त्यांनी ते सर्वांदेखत उलगडून सांगण्याची गरज नाही, “मॅडम, मला आज जावे लागेल” एवढे म्हटले तरी समजदार शिक्षक अधिक विचारीत नाहीत.

परवानगी मिळाली की दाराजवळच्या बाकावर, कडेस बसावे. मधल्या ओळीत बसून निघतेवेळी चार जणांस उठवू नये. वही-पेन आधीच आवरून ठेवावे. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज शांत वर्गात किती मोठा होतो, हे ओढणाऱ्यास कळत नाही. प्राध्यापक एखादा मुद्दा सांगत असतील तर तो पुरा होऊ द्यावा, फळ्याकडे वळले की उठावे, मान किंचित लववावी आणि दार हलकेच लोटून घ्यावे. मित्रास खूण करून बोलावू नये. दुसऱ्या दिवशी सोबत्याची वही मागून राहिलेला भाग उतरून काढावा. आणि परवानगी देणाऱ्या शिक्षकांस दोन शब्दांत धन्यवाद द्यावेत. आज ज्याने रीतीने विचारले, त्याला उद्या नड पडली असता नकार मिळत नाही.

एका गोष्टीचा निषेध मात्र आम्ही स्पष्टच करतो. हजेरी झाली की नाव लागले म्हणून मागच्या दाराने सटकणे, अगर आपण निघून जाऊन मित्राकडून “हजर” म्हणवून घेणे, ही रीत नव्हे, लबाडी आहे. पहिल्याने आपण एकटेच खोटे ठरतो. दुसऱ्याने मित्रासही खोटे बोलावयास लावतो. आणि हा मित्र बहुधा भिडस्त, साधा, नाही म्हणता न येणारा असतो. पकडला जातो तोही तोच.

प्रयोगशाळेतून लवकर निघणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथे जोडीने काम असते. तो निघून गेला म्हणजे काचेची भांडी धुणे, गॅस बंद करणे, उपकरणे मोजून परत देणे हे सारे जोडीदाराच्या माथी येते. आणि एखादी नळी फुटली तर भरपाईही त्याच्याकडेच मागतात. आपली गाडी दुसऱ्याच्या श्रमावर गाठू नये.

शिवाय तासाची शेवटची पाच मिनिटे ही काही उरलीसुरली मिनिटे नव्हेत. पाऊण तास सांगितलेल्याचा सारांश शिक्षक तेव्हाच सांगतात. परीक्षेत कशावर भर द्यावा, अर्ज भरण्याची शेवटची तारीख कोणती, हेही तेव्हाच सांगतात. कोणास शंका विचारावयाची असते तीही तेव्हाच. दूध ओतून घेऊन साय भांड्यातच ठेवून जावी, तसे लवकर उठणाऱ्याचे होते.

घरच्या माणसांनाही आमची विनंती आहे. सुगी आली की “आज लवकर ये, मळणी आहे”, आणि फेस्ताची वेस्पर आली की “दुपारीच निघ, पाहुणे यायचे आहेत”, असे निरोप मोबाइलवर भर वर्गात जाऊन पोहोचतात. मूल आईबापांचा शब्द मोडू इच्छीत नाही, म्हणून उठते. आणि मग तीच वाट त्याच्या पायाखालची होते. कामाचे व सणाचे दिवस आधी ठाऊक असतात. त्या दिवशी एक पुरी रजा घ्यावी, अर्ज द्यावा. पण रोजचे तुकडे पाडू नयेत. आणि आपलेही वागणे तपासावे. जी वडीलधारी मंडळी मिस्साच्या अंतिम आशीर्वादाआधीच मोटारसायकलीकडे धावतात, ग्रामसभेतून मधेच उठतात, त्यांच्या मुलांना शेवटपर्यंत बसण्याचा पाठ कोणी द्यावा?

प्राध्यापक मंडळींसही नम्रपणे सुचवावेसे वाटते की, घंटा झाल्यावर दहा-दहा मिनिटे वर्ग लांबवू नये. दूरच्या खेड्यांतील मुलांची यादी करून त्यांची प्रात्यक्षिके शक्यतो दुपारपूर्वी ठेवता आली तर पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतील.

आणि गाडीचा प्रश्न? तो एकट्या मुलाने रोज चोरपावलांनी सोडवण्याचा नव्हेच. एका मार्गावरील चार-पाच गावांच्या पालकांनी एकत्र यावे. कॉलेजच्या प्राचार्यांकडून वेळापत्रकाची प्रत व मुलांच्या संख्येचा दाखला घ्यावा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा, आणि डेपो मॅनेजरांकडे लेखी अर्ज करून गाडी अर्धा तास पुढे नेण्याची मागणी करावी. अर्जाची पोच घ्यावी व पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. मुलांनी मागितले तर हट्ट वाटतो. गावाने मागितले तर ती गरज ठरते. तोवर आठवड्यातून दोन दिवस शेवटच्या तासासाठी शहरातील एखाद्या नातलगाकडे मुक्काम करता येतो का, हेही पाहावे. सख्ख्या काकू-मावशीने दोन भाकरी अधिक थापल्याने कोणाचे वर्ष वाचत असेल, तर ते पुण्य लहान नव्हे.

मुलामुलींनो, तुम्हांस कॉलेजात बसावयास मिळावे म्हणून घरी कोणीतरी उन्हात उभे आहे. तेही संध्याकाळ होईपर्यंत शेत सोडीत नाही. तुम्हीही घंटा होईपर्यंत बसा. आणि जावेच लागले, तर विचारून, सांगून, ताठ मानेने पुढच्या दारानेच जा.