सहलीची शिदोरी

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा मुलांना न्यायचे कुठे? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, परवडायचे कसे? आमच्या मते कष्टकरी कुटुंबाला दोन दिवसांत पाहता येईल आणि खिशालाही झेपेल असे शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद. मे महिन्यात तेथे ऊन फार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे.

आधी हिशेब पाहू. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट असतो. असे वाचलेले पैसे खाण्यावर खर्चावेत. आपल्याकडे सहल म्हटली की घरची बाई पहाटे चारला उठून भाकऱ्यांची चवड थापते आणि गाडीत बसताच तिचा डोळा लागतो. मग तिची सहल झाली कुठे? पहिल्या जेवणापुरती भाकरी-ठेचा बरोबर घ्यावा. पुढे तिच्यासमोरही कोणीतरी गरम ताट आणून ठेवू द्यावे. पोहे, भजी, मिसळ नाक्यानाक्यावर मिळते. नान-खलिया ही तर या शहराची खासियत. साध्या हॉटेलात बाकावर बसून ती चाखावी.

पहिल्या दिवशी बीबी का मकबरा, आणि त्याच्या मागल्या डोंगरातली बौद्ध लेणी पाहावीत. मग नागसेनवनात जावे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेले, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेले कॉलेज तेथेच आहे. जवळच विद्यापीठ. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. ते दार मुलांना जरूर दाखवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दौलताबादचा किल्ला गाठावा. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह असेच सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा मुख्य बेत. वाटेत हा किल्ला लागला. धुळीने भरलेले तोंड आणि पाय त्यांनी दरवाजाजवळच्या हौदावर धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. अखेर आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ल्यात सोडले. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. चढण सुरू करण्यापूर्वी मुलांच्या हाती पाण्याची बाटली द्यावी आणि ही गोष्ट सांगावी. सहलीला जाऊन मोकळेपणाने पाणी पिणे हेसुद्धा कोणीतरी झगडून मिळवून दिले आहे, हे त्यांना कळले पाहिजे.

तेथून पुढे वेरूळ. मंगळवारी ते बंद असते, हे ध्यानात ठेवावे. एकूण ३४ लेणी, त्यांतली पहिली १२ बौद्ध. पुष्कळ लोक कैलास पाहून परततात. आपण पाचव्या लेण्यात जावे. शंभर फुटांहून लांब दालन आणि मधोमध, जमिनीपासून थोडेसेच उंच, लांबच लांब दोन दगडी बाक. भिक्खू येथे ओळीने बसून भोजन किंवा पठण करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांत या लेण्याचे नाव 'महारवाडा' असे आहे. या बाकांवर कोणासाठी उंच जागा नाही, कोणासाठी खालची नाही.

लेण्यांत काही खाऊ नये, कागद टाकू नये. शहरातून निघताना खाणावळीतून पोळी-भाजी बांधून घ्यावी आणि पाहणे झाल्यावर बाहेर झाडाखाली सोडावी. सगळ्यांनी एका ओळीत बसावे. आईनेही त्याच ओळीत बसावे. वाढायचे काम थोरल्या मुलाने करावे.