दुखणं माणसाचं, शिक्षा कुत्र्याला?

२०२० साली कोरोनाच्या धास्तीने आपल्याकडेही काही घरांनी राखणीचं कुत्रं हाकलून दिलं. मी तेव्हा ‘थांबा’ म्हणालो, पण हातात पुरावा नव्हता. आता आहे.

हॉलंडच्या उट्रेख्त विद्यापीठाने कोरोना झालेल्या १९६ घरांतील ३१० कुत्र्या-मांजरांची तपासणी केली. निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाले. स्वॅबमध्ये १३ जनावरांत विषाणू सापडला. रक्तात प्रतिपिंडे मात्र ५४ जनावरांत मिळाली, म्हणजे त्यांना लागण होऊन गेली होती. बहुतेकांना त्रास किरकोळ किंवा काहीच नाही. आणि तज्ज्ञांच्या मते लागण गेली ती बहुधा माणसाकडूनच जनावराकडे! मांजराकडून माणसाला लागण झाल्याचा प्रकार थायलंडमध्ये नोंदला गेला, पण असं क्वचितच घडतं.

मग मुक्या जनावराला शिक्षा का? विषाणूवर नजर ठेवायला अशा तपासण्या हव्यातच, पण ते काम संशोधकांचं. गावातल्या प्रत्येक कुत्र्यामागे स्वॅब घेऊन धावायची गरज नाही. घरात कुणी आजारी पडलं, तर त्याने जनावराला जवळ घेऊ नये. भाकरतुकडा दुसऱ्याने घालावा. एवढं पुरे. ग्रामपंचायतीला कुत्र्यांवर पैसा खर्चायचाच असेल, तर तो रेबीजच्या लसीवर खर्चावा. त्या रोगाने माणूस हमखास दगावतो.